ट्यून केलेल्या गाडीचे स्पार्क प्लग काळे निघाले तर नक्की काय बघायचं

पॉवर वाढवायला रीमॅप (ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलणं), डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप), मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) सगळं बसवून झालं आणि गाडी आयडलिंगला मिसिंग करायला लागली किंवा बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आला की अडखळायला लागली, की पुण्यात दोनच सल्ले मिळतात, "प्लग बदलून टाक" आणि "एक रेंज गरम टाक", म्हणजे टोक जास्त तापणारा प्लग. दोन्ही सल्ले प्लग खोलून बघायच्या आधीच दिलेले असतात. नवीन प्लगवर गाडी थोडे दिवस मस्त पळते आणि मग परत तेच, कारण काजळी काही प्लग तयार करत नाही, ती आतून येते.

आधी स्कॅनर लावून कोड लिहून घ्या, लगेच पुसू नका. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, पी०३०० म्हणजे मिसिंग एका ठिकाणी नाही. प्लगच्या खड्ड्यात हवा मारा, इंजिन गार झाल्यावरच खोला (इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर रडाल), प्लग सिलिंडरच्या क्रमाने ठेवा. एवढं माहीतच असेल.

खरी गोम इथे आहे, प्लग कधी खोलायचा. मीही यात बराच काळ चाचपडलोय. हिंजवडीतून वाकडपर्यंत तासभर रांगत आलात, घरी येऊन प्लग काढला आणि तो काळा दिसला, तर तो फक्त ट्रॅफिकबद्दल सांगतोय, ट्यूनबद्दल काहीही नाही. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी जळून जाते आणि आयडलिंगला ते तिथपर्यंत पोचतच नाही. त्यात तुम्ही पॉवर वाढवली म्हणून थंड रेंजचा प्लग टाकलाय, म्हणजे तो अजून उशिरा तापणार. त्यामुळे सिग्नलला उभं राहून काळा झालेला प्लग बघून मॅप रिच आहे (पेट्रोल जास्त पडतंय) म्हणणारा माणूस अंदाज मारतोय हे समजून चाला.

बरोबर पद्धत अशी. बायपासला रस्ता मोकळा असताना, सकाळी लवकर, वरच्या गिअरमध्ये पंधरा-वीस मिनिटं एकसारखी गाडी चालवा, शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर बूस्ट न मारता या म्हणजे टर्बोपण निवतो, आणि थांबल्या थांबल्या इंजिन बंद करा. आयडलिंगवर ठेवून फोन बघत बसलात तर केलेलं सगळं वाया. मग इंजिन गार होऊ द्या आणि तिथेच खोला, परत चालू करून घरी आणून नाही.

फुल थ्रॉटलचं रीडिंग हवं असेल तर नवे प्लग टाकून एकच पुल (फुल थ्रॉटलची एक धाव) आणि वरच्याच आरपीएमला इंजिन बंद, ही जुनी रीत बरोबर आहे, पण फक्त डायनोवर (रोलरवर गाडी पळवून पॉवर मोजायचं मशीन). एक्सप्रेसवेवर हे करायला सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा व्हॅक्युम दोन-तीन दाबांत संपतो, आणि चावी चुकून जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉक.

आता बघायचं कुठे. सगळे टोकाकडे बघतात. भिंग आणि टॉर्च घ्या आणि चिनीमातीच्या मुळाशी, जिथे ती लोखंडात आत जाते, तिथे बघा, मिक्स्चरची खूण तिथे असते. "प्लग चॉकलेटी दिसला पाहिजे" हे वाक्य शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यातलं आहे, ते पेट्रोल देशात २००० साली बंद झालं. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलवर चांगला प्लग जवळजवळ पांढरा दिसू शकतो, घाबरून मॅप अजून रिच करायला सांगू नका. पांढऱ्यावर फोड आलेत किंवा ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके दिसतायत तर मात्र गाडी तिथेच थांबवा, ते नॉकिंग आहे (पेट्रोल-हवा चुकीच्या वेळी भडकणं), पिस्टनचा माल उडतोय.

काळ्याचे प्रकार बोटाने कळतात. कोरडी, मखमली, बोटाला लागून येणारी काजळी म्हणजे रिच मिक्स्चर, कमजोर स्पार्क किंवा फार थंड प्लग. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे स्पार्कच पडत नाहीये नाहीतर इंजेक्टर गळतोय. ओला, चकचकीत, चिकट आणि पुसला तरी तेलकट म्हणजे ऑइल: रिंगा, व्हॉल्व्ह सील, टर्बोचं सील किंवा पीसीव्ही (इंजिनमधली वाफ परत ओढणारा व्हॉल्व्ह). शेंदरी-लाल थर म्हणजे ऑक्टेन बूस्टरची बाटली, त्यातल्या मँगनीज किंवा लोहाचा. त्या बाटलीपेक्षा १०० ऑक्टेन पेट्रोल भरा, इंडियन ऑइलने २०२० मध्ये ते ज्या शहरांत पहिल्यांदा आणलं त्यात पुणं होतंच. बाहेरच्या चिनीमातीवर षटकोनाजवळ तपकिरी पट्टा दिसला की "गॅस लीक आहे" म्हणून प्लग फेकतात, तो बहुतेक वेळा नुसता कोरोना डिस्चार्जचा (जास्त व्होल्टेजच्या विजेचा) डाग असतो, सोडून द्या.

मग नमुना बघा. चारही सारखे काळे असतील तर दोष सगळ्यांचा सामाईक: मॅप, उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट (इंजिन गारच राहतं), किंवा एअरफ्लो सेन्सरच्या पुढे सुटलेला बूस्ट पाइप. हा शेवटचा मॉडिफाइड गाड्यांत फार सापडतो, ईसीयूने मोजलेली हवा बाहेर जाते आणि पेट्रोल मात्र पूर्ण पडतं. एकच काळा असेल तर प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा आणि कोड सोबत जातो का बघा, नाही गेला तर नंतर कॉइल बदलून बघा. दोन्ही एकदम हलवू नका, काहीच कळणार नाही. तेलकट असेल तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती येतो आणि टिकतो ते बघणाऱ्या), प्लगवर पैसे घालू नका.

हीट रेंजला हात सगळ्यात शेवटी. प्लग बनवणाऱ्या एनजीकेचा ढोबळ नियम ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढीला एक रेंज थंड असा आहे, त्यामुळे चाळीस-पन्नास वाढवून दोन रेंज थंड टाकणं म्हणजे निव्वळ हौस आणि शहरात काजळीची हमी. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात प्लग घेताना हे लक्षात ठेवा: एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. रेंजआधी गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, बघा. कंपनीचा १.० मिमीच्या आसपासचा गॅप वाढलेल्या बूस्टमध्ये स्पार्क विझवतो, ०.७ च्या जवळ आणून बघा, फक्त अर्थची पट्टी वाकवा, इरिडियम प्लगच्या बारीक टोकाला गेज टेकवून जोर लावू नका. इरिडियमला वायर ब्रशपण नाही, काजळी फारच असेल तर कारण दुरुस्त करून नवीनच घ्या.

बसवताना आधी हाताने, मग टॉर्क पाना: ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशरवाल्या १४ मिमी आट्यांना २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०. कोटिंगवाल्या आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका, तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.