गाडी नाही तरी कळसूबाई होतं, एसटीने जा

कळसूबाईला जायला स्वतःची गाडीच पाहिजे असं काही नाहीये. सीएसएमटीवरून पहाटेची कसारा लोकल पकडायची, कसाऱ्याला स्टेशनबाहेर शेअर जीपवाले ओरडत असतातच, घाट चढून घोटीला उतरायचं आणि तिथून भंडारदऱ्याकडे जाणारी एसटी किंवा दुसरी जीप, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा की बारीला उतरायचंय.

बारी गावातून शेतांच्या बांधावरून वाट निघते. शिखर १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, पण वाट मळलेली आहे, चुकायचा फारसा प्रश्न नाही. चढायला तीन-साडेतीन तास धरा. कड्याला लोखंडी शिड्या लावल्यात, पावसात पायऱ्या साबणासारख्या होतात त्यामुळे दोन्ही हात मोकळे हवेत, सेल्फी स्टिक वगैरे बॅगेत टाका. मी एकदा छत्री हातात घेऊन चढलो होतो, मूर्खपणा!! रविवारी तर शिडीखाली रेशनच्या दुकानासारखी लाईन असते, जमलं तर मधल्या वारी जा. वर देवीचं छोटं देऊळ आहे, ढग नसतील तर अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले आणि भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी दिसतं.

पाणी दोन-तीन लिटर न्या, आणि हा सगळा भाग अभयारण्यात येतो तेव्हा प्लास्टिक परत आणा.

खरी गंमत परतीची. शेवटच्या एसटीची वेळ सकाळी उतरतानाच विचारून घ्या, मी खाली पिठलं-भाकरीवर आडवा हात मारत बसलो आणि मग टोमॅटोच्या क्रेटवर बसून टेम्पोने घोटी गाठली.