लहान मुलाच्या डिस्कचा ओसीटी काढण्याआधी

डिस्क म्हणजे डोळ्याच्या आत दिसणारं दृष्टीच्या नसेचं टोक. ‘डिस्क सुजल्यासारखी वाटते’ एवढ्या चिठ्ठीवर मूल आलं, की शोधायचं एकच: मेंदूतल्या दाबाने नसेला खरी सूज आली आहे, की आत दडलेल्या ड्रुसेनमुळे (साचलेल्या बारीक गाठींमुळे) डिस्क फुगीर दिसते? सकाळी डोकं दुखून उलट्या होत असतील, एकाची दोन दिसत असतील किंवा डोळा कानाकडे वळत नसेल, तर ओसीटीसाठी (डोळ्यातल्या थरांचं प्रकाशाने काढलेलं चित्र) थांबूच नका. रक्तदाब मोजा आणि त्याच दिवशी एमआरआय व व्हेनोग्रामसाठी (मेंदूतल्या शिरांचं चित्र) पाठवा.

बाकीच्यांची आधी औषधं विचारा: मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन, वाढीचं हार्मोन, नुकतंच बंद केलेलं स्टेरॉइड. वजन आणि रक्तदाब केसपेपरवर हवाच. दृष्टी, रंगज्ञान आणि टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेऊन बाहुल्यांची तपासणी, हे सगळं बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी. बाहुल्या मोठ्या झाल्यावर दोन डोळ्यांतला फरक हाती लागत नाही. सायक्लोपेंटोलेटच्या थेंबांनंतर नंबरही काढा, कारण जास्त प्लस नंबरच्या छोट्या डोळ्यात डिस्क मुळातच दाटलेली आणि उंच दिसते. आईवडिलांच्या डिस्कही पाहा. ड्रुसेन घराण्यात चालतात.

मशीनवर मुलाची हनुवटी टेकते, पण कपाळ हळूच मागे सरकतं आणि चित्र फिकट येतं. डोक्यामागे कुणाचा तरी हात असू द्या, दर स्कॅनआधी एकदा डोळे मिटायला सांगा. नुसत्या आरएनएफएलच्या (नसेच्या धाग्यांचा थर) डिस्कभोवतीच्या वर्तुळावर भागत नाही. ईडीआय (खोलवरचे थर स्पष्ट दाखवणारी पद्धत) लावून डिस्कवरून एकमेकींच्या जवळ अशा स्कॅनच्या रेषा घ्या. ड्रुसेन आतून काळे आणि वरच्या कडेला उजळ दिसतात. डिस्कच्या कडेभोवतीचे एकसारखे उजळ लांबट पुंजके म्हणजे फॉम्स. ते खऱ्या सुजेतही येतात, म्हणून त्यांना ड्रुसेन म्हणू नका. ही चूक फार होते.

प्रिंटवर थराची जाडी दाखवणाऱ्या लाल-हिरव्या रंगांवर विसंबू नका: बहुतेक मशीनमधली तुलनेची माहिती 18 वर्षांपुढच्यांची असते, आणि मोठा मायनस नंबर असला की निरोगी डोळाही लाल येतो. खूप सूज असली की थराची कड आखणारी मशीनची रेषा भलत्याच थरावर जाते, ती प्रत्येक चित्रात डोळ्यांनी तपासा. गँगलिअन थर (नसेच्या धाग्यांच्या मूळ पेशींचा) पातळ होत असेल, तर आरएनएफएलची जाडी उतरणं ही सूज ओसरणं नसून नस मरणं असू शकतं.

ऑटोफ्लुरेसन्सचे (आपोआप चमकणाऱ्या भागांचे) फोटो फ्लुरेसिन या चमकणाऱ्या रंगाचं इंजेक्शन देण्याआधी काढा. बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) कोरा आला म्हणून ड्रुसेन नाहीत असं ठरवू नका, कारण लहान वयात त्यांत कॅल्शियम साचलेलं नसतं. उलट, ड्रुसेन सापडले तरी दाब वाढलेला असू शकतो. म्हणून प्रिंटवर न थांबता मूळ स्कॅन जपून ठेवा, पुढचा त्याच मशीनवर, त्याच जागी घ्या.