लावणी झाली, आता आधी बांधाची बिळं बुजवा

आरे, गोराई, मनोरीकडच्या भातशेतकऱ्यांनो, पाऊस चार दिवस उघडला की खाचरं कोरडी पडतात, ती उन्हापेक्षा उंदीर-खेकड्यांच्या बिळांमुळे. दरवर्षी हेच बघतोय. पाण्यासोबत युरिया जातो आणि नॉस्टॉकही.

नॉस्टॉक म्हणजे खाचरातलं बुळबुळीत, काळपट हिरव्या गोळ्यांचं निळं-हिरवं शेवाळ. ते हवेतला नत्र धरून भाताला देतं. दुसरा सोबती मुंगूस, ते बांधावरचे उंदीर, खेकडे खातं. मुंगसाला शिकार लागते, नॉस्टॉकला पाणी आणि ऊन पुरतं. नॉस्टॉक वाळून काळी पापडी झालं तरी पाणी लागताच फुगतं; विषानं मेलेलं मुंगूस मात्र गेलंच. माझा अंदाज, जिथे मुंगूस फिरतं तिथे ताजी बिळं कमी असतात.

सकाळी बांधावर फिरा. तोंडाशी ताजी भुसभुशीत माती दिसली की बीळ जितं आहे. बांधाच्या आतल्या बाजूला, खाचराकडे, पाणी भोवरा घेत असेल तिथेच चिकट माती कोंबा, टाचेनं ठोका. बाहेरून बुजवलेलं बीळ रात्रीत पुन्हा फुटतं. बांधाच्या माथ्यावरचं, झुडपातलं कोरडं बीळ सोडा, ते मुंगसाचं असू शकतं.

दुकानदार ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशकाच्या वड्या पुढे करतो. ते विष उंदराच्या यकृतात साठतं, तो उंदीर खाऊन मुंगूस मरू शकतं. जिती बिळं फारच असतील तरच झिंक फॉस्फाईड हे उंदराचं विष: धान्याचा भरडा ९६ भाग, तेल २, झिंक फॉस्फाईड २. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष, मग विषारी आमिष बिळात आत टाकून तोंड बंद. हातमोजे घाला, मेलेले उंदीर खोल पुरा.

शेवाळ दिसलं की ते मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) विकणारेही भेटतील. कापसासारखे धागे रोपांना गुंडाळत असतील तर ते वेगळं शेवाळ, हातानं काढा. मोरचुदानं नॉस्टॉक मरतं. शेवाळाच्या महागड्या बाटल्याही नकोत. शिफारस हेक्टरी १० किलो वाळलेलं निळ्या-हिरव्या शेवाळाचं कल्चर (विरजण), लावणीनंतर आठवड्याभरानं, साचलेल्या पाण्यात. हेक्टरी २५ ते ३० किलो नत्राची बचत धरतात. एकदम जास्त युरिया फेकलात तर शेवाळ नत्र धरणं थांबवतं.

बाकी कामं:
- नांगे भरणे (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे)
- बेणणी (तण काढणे)
- बांधावरचं गवत कापणे
- युरिया हप्त्यानं

ही कामं चार दिवस लांबली तरी चालतील. बिळं आज बुजवा. उघडीप पडल्यावर शोधायला जाल तेव्हा खाचरात पाणी उरलेलं नसेल.