गॅरेजच्या हिशेबात नफा, पण बँकेत खडखडाट: माझा अनुभव

नफा-तोटा पत्रकात नफा दिसायचा, पण पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नसायचे. ग्राहकांना लावायचे मजुरीचे दर वाढवले, खर्च कापला, फरक शून्य. फार मनस्ताप झाला.

उलगडा झाला तो वर्षाच्या सुरुवातीचा आणि अखेरचा ताळेबंद (धंद्याची मालमत्ता आणि देणी यांचा तक्ता) शेजारी ठेवल्यावर. आधी निव्वळ नफ्यात घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी दाखवलेला खर्च) पुन्हा बेरजेत धरला, कारण त्यात रोकड जात नाही. मग स्पेअर पार्टच्या साठ्यातली आणि ग्राहकांकडच्या उधारीतली वाढ वजा केली, पुरवठादारांच्या देण्यातली वाढ मिळवली. शेवटी कर्जाच्या मुद्दलाचे हप्ते, गाडी उचलायच्या नव्या लिफ्टची किंमत आणि मालकाची उचल (मालकाने धंद्यातून स्वतःसाठी काढलेले पैसे) वजा केली. हे तिन्ही नफा-तोट्यात थेट दिसतच नाहीत. (नवं कर्ज घेतलं असेल तर ते मिळवायचं.) उत्तर बँक आणि गल्ल्यातल्या एकूण शिलकीत वर्षभरात पडलेल्या फरकाशी तंतोतंत जुळलं.

सर्वात जास्त पैसा न खपणाऱ्या पार्टमध्ये अडकला होता. पुरवठादाराने परत घेतले तेवढे त्याला देऊन टाकले. महागडे पार्ट आता जॉबकार्ड (गाडीच्या कामाची नोंद) उघडल्यावरच मागवतो.