गुडघ्याला रेडिएशन चालू आहे? या चुका टाळा

पीव्हीएनएस म्हणजे सांध्याच्या आतल्या अस्तराची फाजील वाढ. हा कॅन्सर नव्हे, पण ऑपरेशननंतरही परत येऊ शकतो, म्हणून काही जणांना पुढे रेडिएशन देतात. बहुधा आठवड्यातले पाच दिवस, चार-पाच आठवडे. आपल्या कोल्हापुरात सगळे त्याला ‘शेक’ म्हणतात, आणि पहिली चूक या शब्दातूनच घडते.

आईचा गुडघा तिसऱ्या आठवड्यात लाल होऊन चुरचुरायला लागला. शेकानं झालंय तर शेकानंच उतरेल, असं शेजारच्या काकू म्हणाल्या आणि मी गरम पाण्याची पिशवी ठेवली. दोन दिवसांत तिथली कातडी सोलवटली. रेडिएशनमध्ये उष्णता नसते. त्यानं कातडीच्या नव्या पेशी तयार होणं मंदावतं. त्यामुळे त्या जागी गरम पिशवी नको, बर्फही नको. हळद-चंदनाचा लेप किंवा बाम नको. मलम डॉक्टर सांगतील तेच. कोमट पाण्यानं धुवा, पंचानं टिपून घ्या, रेडिएशनची जागा दाखवायला कातडीवर काढलेल्या शाईच्या खुणा घासू नका. घट्ट नी-कॅपपेक्षा सैल सुती पायजमा बरा.

शेवटचा शेक झाला की सुटलो, असंही समजू नका. लाली त्यानंतर आठवडा-दीड आठवडा वाढू शकते. चैत्रात जोतिबाला जायचं म्हणून मधले दिवस बुडवू नका. कोर्स संपल्यावर गेलात तरी कातडी भरेपर्यंत त्या जागेला ऊन आणि गुलाल लागू देऊ नका.

दुखतंय म्हणून पाय गादीवर ठेवून बसणं मला सगळ्यात घातक वाटतं. गुडघा आखडला की सुटायला महिने लागतात. फिजिओथेरपिस्टनं सांगितलेला व्यायाम रोज करावाच. आईला थकवा यायचा, तेव्हा रंकाळ्यावरचं फिरणं आम्ही अर्ध्यावर आणलं, बंद केलं नाही.

नातवंडांना लांब ठेवू नका, मशीनचे किरण अंगात राहत नाहीत. डोक्याचे केस जात नाहीत, गेले तर गुडघ्यावरचे. मटण-अंडी उगाच सोडू नका, कातडी भरायला प्रथिनं लागतात.

ताप आला, कातडीतून पू आला तर लगेच डॉक्टरांना कळवा. आणि पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर तेल लावून चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.