ओन्टारियोत मेडिकलसाठी जीपीए स्वतः कसा काढायचा, आणि तो ‘फुल टाइम’चा घोळ

मिसिसॉगात एका ओळखीच्यांकडे गणपतीला गेले होते, त्यांची थर्ड इयरची मुलगी म्हणाली काकू माझं सेकंड इयरचं ॲव्हरेज जवळपास ८६ आहे, म्हणजे जीपीए (४ पैकी सरासरी गुण) ३.९ झाला ना? म्हटलं थांब, मार्कशीट आण.

इथे सगळ्या मेडिकल कॉलेजांचे अर्ज ओमसॅस नावाच्या एकाच सेवेतून जातात आणि त्यांचं स्वतःचं कन्व्हर्जन टेबल आहे. टक्क्यांची जी स्केल बऱ्याच ठिकाणी लागते तिच्यात ९० आणि वर ४.०, ८५ ते ८९ ला ३.९, ८० ते ८४ ला ३.७, ७७ ते ७९ ला ३.३, ७३ ते ७६ ला ३.० आणि ७० ते ७२ ला २.७. तुमच्या युनिव्हर्सिटीला कुठली स्केल लागते ते आधी टेबलात बघा, तिथेच निम्मे लोक चुकतात.

आता मुख्य गोष्ट. आधी ॲव्हरेज काढून मग बदलायचं नाही, प्रत्येक कोर्स वेगळा बदलायचा आणि मग सरासरी. हिचे दहा हाफ कोर्स (एका सेमिस्टरचे) होते, सहात ९१, मग ८६, ८१, ७४ आणि ७१. टक्क्यांनी ८५.८ येतात. पण सहा गुणिले ४.० म्हणजे २४, त्यात ३.९, ३.७, ३.० आणि २.७ मिळवले की ३७.३, भागिले दहा, ३.७३! दोन कोर्सनी सगळी वाट लावली. वर्षभराचा कोर्स असेल तर तो दोनदा धरा, क्रेडिट डबल असतात ना. आणि हो, ८९ वर अडकलात तर हळहळा, ८४ आणि ८० मात्र एकाच भावात जातात.

मग लोडचं बघा, म्हणजे वर्षाला किती कोर्स घेता ते. रजिस्ट्रार किंवा ओसॅप (ओन्टारियो सरकारची विद्यार्थी कर्ज योजना) ६० टक्के कोर्सना सुद्धा फुल टाइम म्हणतात, म्हणजे सेमिस्टरला तीन कोर्स घेतले तरी लोन मिळतं आणि पोरं निर्धास्त. मेडिकलवाल्यांचा ‘फुल लोड’ वेगळा, सप्टेंबर ते एप्रिल दहा हाफ कोर्स, ३० क्रेडिट. एप्रिलनंतर समरला एखादा कोर्स करून खड्डा बुजवू म्हणाल तर सगळीकडे चालत नाही.

प्रत्येक मेडिकल कॉलेजची तऱ्हा निराळी. वेस्टर्न दोन बेस्ट वर्षं बघतं, पण त्या वर्षांत फुल लोड हवाच. टोरांटोला दरवर्षी पूर्ण लोड घेतला असेल तर सगळ्यात कमी मार्कांचे काही कोर्स गाळून जीपीए धरतात, म्हणजे एखादा ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा अपघात माफ. मॅकमास्टरला फुल लोडची सक्ती नाही पण तिथे सगळेच कोर्स मोजतात, समरचे पण, काही लपत नाही.

भारतातून बीएस्सी करून आलेल्यांनी मार्कशीटचं वेस (परदेशी पदव्या तपासणारी संस्था) कडून कोर्सवार मूल्यांकन करून घ्यायचं, आणि ते लवकर सुरू करा कारण अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच असते आणि आपल्या युनिव्हर्सिटीतून कागद हलवायचे म्हणजे माहीतच आहे.

त्या मुलीने फर्स्ट इयरला एका सेमिस्टरमध्ये चारच कोर्स घेतले होते, ‘फुल टाइम तर होते मी’ म्हणाली. वेस्टर्नसाठी ते वर्ष बाद. मग प्रसाद बाजूला ठेवून थर्ड इयरचे कोर्स मोजायला बसलो.