भोपळ्याच्या फुलाचं हातानं परागीभवन
मी हे काम सकाळी लवकरच उरकते, कारण दुपारपर्यंत फूल मिटतं. आधी मादी फूल ओळखा: पाकळ्यांखाली इवलासा भोपळा दिसतो, तेच अंडाशय. नर फुलाला नुसता देठ असतो. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि पिवळे पराग मादी फुलाच्या कुक्षीवर (मधोमध असलेल्या चिकट भागावर) सगळीकडून हलकेच फिरवा. इथे घाई नको! अंडाशयातल्या एकेका बीजांडाला (ज्याचं पुढे बी होतं) वेगळा परागकण लागतो. त्या कणातून फुटणारी नळी खाली बीजांडापर्यंत पोचली, तरच बी धरतं. पराग कमी पडले की फळ वेडंवाकडं होतं किंवा पिवळं पडून गळतं. माझी कितीतरी अशीच गेली, फार जीव हळहळला. जातिवंत बियाणं हवं असेल तर एकाच वाणाच्या नर आणि मादी कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधा, म्हणजे मधमाश्या दुसऱ्या वाणाचे पराग आणणार नाहीत. पराग लावल्यावर मादी फूल पुन्हा बांधा.